इंदुरात नजर अधू झाली तर: कुठून सुरुवात करायची, कुठे जायचं, काय मागायचं

ज्यांची नजर नुकतीच गेली आहे किंवा हळूहळू जात चालली आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. माझी नजर रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने गेली. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि आता समोरचा थोडासाच भाग उरला आहे. इंदुरात मदत आहे, पण ती एका जागी मिळत नाही. इस्पितळ एकीकडे, सामाजिक न्याय विभाग दुसरीकडे, झोन कार्यालय तिसरीकडे, आणि कोणीच पुढचा पत्ता सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. बहुतेक घरांत क्रम असा असतो: आधी इलाज पूर्ण होऊ दे, मग कागद करू, मग काठी-बिठी बघू. त्यात वर्षं निघून जातात आणि माणूस खुर्चीला खिळतो. इलाज चालू ठेवाच, पण फोन आणि काठी शिकायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. ते याच आठवड्यात सुरू करा.

१. डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या

सरकारी उपचारांसाठी एमवाय इस्पितळाच्या परिसरात एमजीएम मेडिकल कॉलेजचं स्कूल ऑफ एक्सलन्स फॉर आय हे डोळ्यांचं इस्पितळ आहे. धार रोडवर चोइथराम नेत्रालय आहे. तुमचे डॉक्टर कुठलेही असोत, त्यांच्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: आजाराचं नाव, चष्मा लावून दोन्ही डोळ्यांची नजर किती, आणि दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते, किती अंशांचं.

तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तिथेच नुकसान होतं. काचबिंदू आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा या दोन्हींत माणूस भिंतीवरच्या तक्त्यातली बारीक अक्षरं वाचू शकतो आणि तरी बाजूने येणारी स्कूटर त्याला दिसत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्वच मानलं आहे, आणि १० ते ४० अंशांच्या मधलं क्षेत्र अल्पदृष्टीत येतं. तक्त्यापुरतं बोलायचं तर, चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ३/६०पेक्षा कमी असेल तर अंधत्व, आणि ६/१८ ते ३/६०च्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. म्हणून फील्ड टेस्टचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा, रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

डॉक्टरांना एक प्रश्न थेट विचारा: "यातली कुठली नजर परत येण्यासारखी आहे?" मोतीबिंदूची येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, उरलेली मात्र थेंबांनी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने राखता येते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर वेळेवर लेसर किंवा इंजेक्शनने बरंच वाचतं. उत्तर काय येईल या भीतीने हा प्रश्न टाळू नका. आणि "पडदा पुन्हा जिवंत करतो" अशी जाहिरात करून लाखभर रुपये आगाऊ मागणाऱ्यांकडे जाण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ती जाहिरात दाखवा. मी असल्या आशेत घरं रिकामी झालेली पाहिली आहेत.

२. फोन बोलता करा

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही फुकट. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करायचं. चालू झालं की फोनची चालच बदलते: एका बोटाने स्पर्श केला की फोन त्या जागी काय आहे ते बोलतो, आणि ते उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते. वर-खाली सरकायला अँड्रॉइडवर दोन बोटं, आयफोनवर तीन.

घरच्यांची पहिली घबराट इथेच होते. मुलगा टॉकबॅक चालू करतो, मग त्याला ते बंद करता येत नाही, आणि "आई, हे तुझ्याच्याने होणार नाही" म्हणून विषय संपतो. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून धरा. टॉकबॅक बंद होतं, पुन्हा तसंच केलं की चालू. आधी विचारणा आली तर शॉर्टकट मान्य करा. हे सगळ्यात आधी शिकून ठेवा, म्हणजे भीतीच उरत नाही.

आवाज मराठी हवा असेल तर टेक्स्ट टू स्पीचच्या सेटिंगमध्ये गुगलचा मराठी आवाज उतरवून घ्या. आपल्या घरांत मेसेज मराठीत येतात, बँकेचे इंग्रजीत आणि शाळेचे हिंदीत. वाचनाचा आवाज बदलायची सोय टॉकबॅकच्या मेनूत आहे, ती शोधून ठेवा. सुरुवातीला वेग कमी ठेवा, महिन्याभरात तुम्ही स्वतःच वाढवाल.

पहिल्या आठवड्यात फक्त फोन उचलणं, फोन लावणं आणि वेळ ऐकणं एवढंच. दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप. बँक आणि यूपीआय हात बसल्यावरच. आणि त्या वेळी टॉकबॅकमधली पडदा लपवायची सोय वापरा: पडदा काळा राहतो, फोन तुमच्या कानात बोलतो, शेजारी बसलेल्याला पिन दिसत नाही. इअरफोन एका कानात घाला, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा ठेवा.

संगणकावर काम करणाऱ्यांनी एनव्हीडीए घ्यावं. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे आणि मराठीही वाचतो. नोकरी सोडायचा निर्णय घेण्याआधी तो शिकून बघा, ही माझी कळकळीची विनंती. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कोणाला काढता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतलं दुसरं काम द्यावं लागतं. साहेब "स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका" म्हणाले तरी लगेच सही करू नका.

३. कागदांवरची नावं एकसारखी करा

मध्य प्रदेशात समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, याशिवाय पान हलत नाही. कुटुंबाचा आकडा ८ अंकी असतो, प्रत्येक सदस्याचा ९ अंकी. तुम्हाला सदस्याचा लागेल, आणि तो आधारशी ई-केवायसीने जोडलेला हवा. हे काम जवळच्या एमपी ऑनलाइन कियोस्कवर किंवा नगर निगमच्या झोन कार्यालयात होतं.

मराठी घरांची खास अडचण नावांची. आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, बँकेत नसतं, समग्रमध्ये माहेरचं आडनाव राहून गेलेलं असतं. त्यातून हिंदीत ळ नसल्याने काळेंचे काले होतात. इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मतारीख सगळीकडे तंतोतंत एक करून घ्या आणि मगच पुढचा अर्ज भरा.

एका फाइलमध्ये हे ठेवा:

- आधार, मूळ आणि प्रती
- समग्र आयडीची छापील प्रत
- सहा महिन्यांच्या आतला पासपोर्ट आकाराचा फोटो
- डोळ्यांचे सगळे रिपोर्ट, फील्ड टेस्टसह
- बँक पासबुकचं पहिलं पान, खातं आधारशी जोडलेलं
- उत्पन्नाचा दाखला आणि असल्यास बीपीएल कार्ड
- आधारला जोडलेला मोबाइल, चार्ज केलेला, कारण ओटीपी त्यावरच येतो

प्रत्येक कागदाचा कोपरा वेगळ्या प्रकारे दुमडा किंवा एकेका प्लास्टिकच्या पिशवीला वेगळी स्टेपल मारा. खिडकीवर बाबूने आधार मागितलं की तुम्ही स्वतः काढून द्या. सोबतच्याशी न बोलता तो तुमच्याशी बोलायला लागतो.

४. यूडीआयडी कार्ड

हे दिव्यांगत्वाचं केंद्र सरकारचं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्ता लागतो, आणि तपासणीसाठी इस्पितळ निवडावं लागतं. भरून झाल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. तो आवाजी नोंद करून फोनमध्ये ठेवा. मग त्या इस्पितळात वैद्यकीय तपासणी होते आणि टक्केवारी ठरते. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजून पुष्कळ जण घरी बसतात. तपासणीला गेल्याशिवाय कार्ड येत नाही.

कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते: ४०च्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं.

एका डोळ्याची नजर पूर्ण गेली आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात, त्यामुळे बहुतेक योजनांची ४० टक्क्यांची अट पुरी होत नाही. कोणी दलाल "चाळीस करून देतो" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. खोट्या प्रमाणपत्राला शिक्षा आहे. आजार वाढणारा असेल तर नजर आणखी कमी झाल्यावर पुन्हा तपासणी मागता येते.

५. कार्ड हातात आल्यावर

जिल्ह्याच्या सामाजिक न्याय आणि दिव्यांगजन विभागाचा कारभार परदेशीपुऱ्यातून चालतो. तिथे एकदा स्वतः जाऊन या.

पेन्शन मध्य प्रदेशात महिना ६०० रुपये आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला ८० टक्के दिव्यांगत्व, १८ ते ७९ वय आणि बीपीएल अशा अटी आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, तरी अर्ज करा, कारण पेन्शनच्या यादीत असलेल्याला पुढच्या शिबिरांचे निरोप मिळतात.

काठीसारखं साहित्य केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, एलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरांत मिळतं: घडीची काठी, स्मार्ट केन, ब्रेल किट, काहींना स्मार्टफोन. इथे एक खाच आहे. एकदा वस्तू घेतली की त्याच कामाची वस्तू तीन वर्षं पुन्हा मिळत नाही. म्हणून समोर आलं ते उचलू नका. स्मार्ट केन हवी असेल तर तीच मागा आणि हातात धरून बघा. दिल्ली आयआयटीत तयार झालेली ही काठी ध्वनिलहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखते आणि मुठीत थरथर जाणवते. लटकणाऱ्या दुकानाच्या पाट्या आणि झाडांच्या फांद्या साध्या काठीला कळत नाहीत. आपल्या राजवाड्याच्या गल्ल्यांत त्याच डोक्याला लागतात.

रेल्वेची सवलत यूडीआयडीवर आपोआप मिळत नाही. ती पूर्ण दृष्टिहीनांसाठी आहे, अल्पदृष्टीला नाही. त्यासाठी सरकारी डॉक्टरकडून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र घ्यायचं आणि रेल्वेच्या दिव्यांगजन पोर्टलवर वेगळ्या ओळखपत्राचा अर्ज करायचा. इंदूर रतलाम मंडळात येतं, मंडळ निवडताना तेच निवडा. स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५० टक्के सूट आहे, आणि सोबत्यालाही तेवढीच.

बँकेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण अपमान तिथे होतो. "तुम्हाला एटीएम कार्ड देता येणार नाही", "चेकबुक नको, अंगठा लावा", "मुलाला जॉइंट घ्या": ही वाक्यं अजून ऐकू येतात. रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सगळ्या बँकांना बजावलं आहे की दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर यांपैकी काहीही नाकारायचं नाही. सही येत असेल तर सहीच करा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. लेखी म्हटल्यावर बहुतेक वेळा फॉर्म बाहेर येतो.

मुलं शिकत असतील तर परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ हा त्यांचा हक्क आहे. अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच करा. मुलींच्या शाळेसाठी आणि वसतिगृहासाठी इंदुरात महेश दृष्टिहीन कल्याण संघाचं काम आहे. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा दिव्यांगांना राखीव आहेत, आणि सरकारी नोकऱ्यांत अंध व अल्पदृष्टी मिळून १ टक्का.

६. काठी धरायला शिका

पांढरी काठी जमिनीवर उभी धरली की छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. कमरेएवढी काठी म्हाताऱ्यांच्या आधाराची असते, तिचा इथे उपयोग नाही. मूठ पोटाच्या मध्यावर, मनगट सैल. टोक खांद्यांच्या रुंदीएवढं डावी-उजवीकडे फिरवायचं, आणि उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासली जाते. हे प्रशिक्षकाकडूनच शिका. परदेशीपुऱ्यातल्या दिव्यांग पुनर्वसन केंद्रात चौकशी करा. देहरादूनला राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन संस्था आहे, तिथे निवासी प्रशिक्षणही असतं.

सराव आधी घराच्या गच्चीवर, मग सकाळी नेहरू पार्कात, मग आपल्या कॉलनीत. संध्याकाळच्या सराफ्यात घाईने जाऊ नका. रस्त्याच्या खुणा कानाने आणि नाकाने लावायच्या: जनरेटरचा आवाज, गिरणी, कढईतल्या जिलेबीचा वास, पायाखाली डांबर संपून फरशी लागणं. पण वास आणि आवाज दुकानं बंद असली की नसतात, म्हणून दर वळणावर एक तरी पक्की खूण पायाखालची ठेवा.

घरच्यांसाठी: हात धरून ओढू नका, पाठीमागून ढकलू नका. तुमचा कोपर पुढे करा. ते कोपराच्या वर धरतील आणि अर्धं पाऊल मागे चालतील, म्हणजे तुमच्या अंगाच्या हालचालीवरूनच चढ-उतार कळतो. जिन्याशी क्षणभर थांबून "वर" किंवा "खाली" एवढंच म्हणा. खुर्चीत बसवताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून द्या, बसतील ते आपलं आपण.

बसथांब्यावर "भैया, कौन से नंबर की है?" विचारायला लाजू नका. इंदूरचे लोक विचारल्यावर हातातलं काम सोडून मदत करतात, फक्त काठी दिसायला हवी. घडी करून पिशवीत ठेवलेल्या काठीमुळे लोकांना वाटतं, हा माणूस मुद्दाम धक्का देतोय.

७. घर आणि पैसे

वस्तूची जागा बदलायची नाही, हा घरातला एकच कायदा. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट दाराची कड कपाळाला लागते.

स्वयंपाक सोडू नका. मिसळणाच्या डब्यात वाट्यांचा क्रम कायम ठेवा: मोहरी मध्ये, हळद तुमच्या पोटाकडे, मग घड्याळाच्या दिशेने बाकीचं. मीठ आणि साखरेचे डबे वेगळ्या घाटाचे घ्या. सारख्या बरण्यांना रबरबँड लावा, एक म्हणजे जिरावण, दोन म्हणजे तिखट. पोहे भिजले का ते बोटांना डोळ्यांपेक्षा आधी कळतं. गॅस पेटवण्याआधी कढई बर्नरवर ठेवून हाताने मधोमध करा, मग पेटवा. पदर आणि ओढणी खोचून घ्या.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) अ‍ॅप उतरवा. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किंमत बोलतं, इंटरनेटशिवाय चालतं, मराठीतही बोलतं. ते नोट खरी की खोटी हे मात्र सांगत नाही. हाताने ओळखायचं तर नव्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावाच्या तिरक्या रेषा असतात: १००ला चार, २००ला चार आणि मध्ये दोन वर्तुळं, ५००ला पाच. जुनाट नोटांवर त्या झिजतात, म्हणून लांबीही बघा: १००ची १४२ मिलिमीटर, २००ची १४६, ५००ची १५०. घरी आल्यावर ५००ची चौघडी, २००ची दुघडी, १००ची सरळ, असं काहीतरी ठरवून पाकिटात ठेवा. २० रुपयांचं नाणं बारा कोनांचं आहे, ते बोटांना लगेच कळतं.

८. न दिसणारं दिसू लागलं तर

हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. नजर बरीच कमी झालेल्या काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसतात: भिंतीवर नक्षी, अंगणात फुलं, अनोळखी चेहरे, छोटी माणसं. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. त्या स्विस विद्वानाने १७६० साली आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला. डोळ्यांकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू आपली चित्रं तयार करतो. माणसाला ती खरी नाहीत हे बहुधा कळत असतं, आणि त्यांना आवाज नसतो. आजीने "खोलीत मुलं बसली आहेत" म्हटलं की घरचे दृष्ट काढायला किंवा वेडाचे उपचार करायला धावतात, आणि मग आजी बोलणंच बंद करते. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. आवाजही ऐकू येत असतील किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

रडू येणं, चिडणं, महिनोनमहिने घराबाहेर न पडणं हेही होतं. अशा वेळी ज्याची नजर आधी गेली आहे आणि जो कामावर जातो, अशा माणसाशी बोलणं सगळ्यात उपयोगी पडतं. आयवे नावाची दृष्टिहीनांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे फोनवर बोलायला स्वतः दृष्टिहीन असलेले समुपदेशकही असतात.

९. वाचन आणि मराठी मंडळी

सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६पासून आहे. सदस्य व्हायला दिव्यांगत्वाचा पुरावा लागतो. ब्रेल शिकलात तर मराठीत 'स्पर्शज्ञान' हे पाक्षिक २००८पासून निघतं. उतारवयात बोटांना ब्रेल अवघड जातं, तेव्हा डबे आणि औषधांवर लेबलं लावण्यापुरतं शिकलात तरी पुष्कळ.

आपल्या मराठी मंडळांकडे मी एक मागणी सतत करते. गणपतीत, व्याख्यानमालेत, सानंद या संस्थेच्या नाटकांना नजर गेलेल्या सभासदाला आणण्या-नेण्याची जबाबदारी एका कार्यकर्त्याने घ्यावी. देणगी आणि शालीपेक्षा त्याची गरज जास्त आहे. तुम्हीही घरात बसून आमंत्रणाची वाट बघू नका, सचिवांना फोन करून "मला यायचं आहे, न्यायला कोण येईल?" असं सरळ विचारा.

१०. काम अडलं तर

आधी त्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा. अधिकारी फोन करून "काम झालं समजा, तक्रार बंद करा" म्हणतात. काम हातात पडल्याशिवाय हो म्हणू नका. दर मंगळवारी मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. सकाळी लवकर जा, अर्ज एका पानाचा ठेवा, वर यूडीआयडी आणि समग्र क्रमांक लिहा, मागच्या पोचपावत्या जोडा. तिथेही निभावलं नाही तर भोपाळला दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार पाठवता येते.